घनावस्था लिथियम बॅटरीतील घटरचना

घनावस्था लिथियम बॅटरी ही द्रवाऐवजी घन विद्युत् विच्छेद्य वापरणारी, पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी आहे. तिच्या घटातील थरांची जाडी, थरांमधील स्पर्श, अग्रांतील घटकांचे प्रमाण, घटावरील बाह्य दाब आणि घट एकावर एक रचण्याची पद्धत या सर्वांना मिळून घटरचना म्हणतात. बॅटरीची ऊर्जा घनता, चार्जिंगचा वेग, आयुर्मान आणि सुरक्षितता हे गुण पदार्थांच्या निवडीइतकेच घटरचनेवरही अवलंबून असतात. आयनांचे उत्तम वहन करणारा पदार्थ वापरूनही, रचना सदोष असल्यास, निकृष्ट घट तयार होऊ शकतो.

पार्श्वभूमी

१९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. या प्रकारच्या बॅटरीत लिथियमचा क्षार सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला असतो. हा द्रव ज्वलनशील असला, तरी त्याचा एक मोठा फायदा आहे. तो अग्रांतील सूक्ष्म छिद्रांमध्ये आपोआप शिरतो आणि प्रत्येक कणाला स्पर्श करतो. घन पदार्थ असा वाहत नाही. त्यामुळे कणाकणांतील स्पर्श उत्पादनाच्या वेळीच घडवावा लागतो आणि बॅटरीच्या संपूर्ण आयुष्यात टिकवावा लागतो. घटरचनेतील बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

घन विच्छेद्यांचे बहुवारिक, ऑक्साइड आणि सल्फाइड असे तीन प्रमुख वर्ग आहेत. पॉलिएथिलीन ऑक्साइडसारखी बहुवारिके लवचीक असतात, परंतु ती साधारणपणे ६० ते ८० अंश सेल्सिअस तापमानाला समाधानकारक काम करतात. ऑक्साइडे रासायनिकदृष्ट्या तुलनेने स्थिर, पण कठीण व ठिसूळ असतात. सल्फाइडे मऊ असल्याने दाबून घट्ट बसवता येतात, मात्र दमट हवेत त्यांपासून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस व गंधक यांच्या एका संयुगाची माहिती प्रसिद्ध केली. त्याची आयनवाहकता कक्ष तापमानाला १२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, म्हणजे द्रव विच्छेद्यांच्या तोडीची होती. त्यानंतर वाहकतेबरोबरच घटाच्या रचनेकडे संशोधकांचे लक्ष अधिक वळले.

विच्छेद्य थराची जाडी

घन विच्छेद्याचा थर आयनांना वाट देतो आणि दोन अग्रांना एकमेकांपासून वेगळेही ठेवतो. थराचा रोध त्याच्या जाडीच्या सम प्रमाणात वाढतो. समजा, विच्छेद्याची वाहकता १ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आहे. ५०० मायक्रोमीटर जाडीच्या थराचा रोध दर चौरस सेंटिमीटरला ५० ओहम होईल आणि त्यातून ४ मिलिअँपिअर प्रवाह गेल्यास ०.२ व्होल्ट दाब वाया जाईल. हाच थर २५ मायक्रोमीटर जाडीचा केल्यास व्यय केवळ ०.०१ व्होल्ट राहतो.

वजनाचा हिशोबही असाच आहे. दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिअँपिअर-तास विद्युत्‌प्रभार साठवण्यासाठी निकेलयुक्त कॅथोड पदार्थ सुमारे २० मिलिग्रॅम लागतो. गार्नेट प्रकारच्या ऑक्साइडाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ५ ग्रॅम असल्याने ५०० मायक्रोमीटरचा थर २५० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजेच ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थाच्या बारापटीहून अधिक वजन नुसत्या विच्छेद्याचे होते. प्रयोगशाळेत जाड चकती वापरून पदार्थाचे गुणधर्म तपासता येतात, परंतु तशा घटाची विशिष्ट ऊर्जा द्रवयुक्त बॅटरीपेक्षाही कमी असते. उलट थर फार पातळ केल्यास त्यातील लहानसे छिद्र किंवा तडाही दोन अग्रांमध्ये लघुपरिपथ घडवू शकतो.

संमिश्र कॅथोड

कॅथोड हे या बॅटरीचे धन अग्र होय. त्यात क्रियाशील पदार्थाचे कण, घन विच्छेद्य आणि बहुधा वाहक कार्बन यांचे मिश्रण असते. प्रत्येक क्रियाशील कणापर्यंत आयन आणि इलेक्ट्रॉन या दोहोंसाठी अखंड मार्ग असावा लागतो. विच्छेद्य कमी पडल्यास आयनांची वाट तुटते व काही कण निरुपयोगी ठरतात. ते जास्त झाल्यास ऊर्जा घनता घटते. म्हणून कणांचा आकार आणि घटकांचे प्रमाण यांचा मेळ घालणे आवश्यक असते.

चार्ज आणि डिस्चार्ज होताना क्रियाशील कणांचे आकारमान बदलते. त्यामुळे ते भोवतालच्या विच्छेद्यापासून सुटतात आणि निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यास तेथे द्रव नसतो. शिवाय सल्फाइड विच्छेद्याचे कॅथोडलगत ऑक्सिडीभवन होऊन रोधक थर तयार होतो. हे टाळण्यासाठी कणांवर लिथियम निओबेटसारख्या पदार्थाचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देतात.

लिथियम ॲनोड व बाह्य दाब

ऋण अग्र म्हणून शुद्ध लिथियम धातू वापरता येणे, हे घनावस्था बॅटरीचे प्रमुख आकर्षण आहे. लिथियमची सैद्धांतिक धारिता ग्रॅममागे ३,८६० मिलिअँपिअर-तास, तर ग्रॅफाइटची ३७२ मिलिअँपिअर-तास आहे. परंतु दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिअँपिअर-तास प्रभार साठताना लिथियमचा सुमारे २० मायक्रोमीटर जाडीचा थर चढतो आणि डिस्चार्ज होताना तो उतरतो. अनेक थरांच्या घटात ही वाढघट एकत्र होते व आवरणाला ती सामावून घ्यावी लागते.

डिस्चार्ज फार वेगाने झाल्यास लिथियम व विच्छेद्य यांच्यामध्ये पोकळ्या पडतात. पुढील चार्जिंगच्या वेळी उरलेल्या स्पर्शबिंदूंवर प्रवाह एकवटतो. तेथून लिथियमचे तंतू विच्छेद्यातील तडे व कणसीमांमधून पुढे सरकतात आणि शेवटी लघुपरिपथ होतो. विच्छेद्य पुरेसे कठीण असल्यास तंतू रोखले जातील अशी अपेक्षा होती, पण कठीण गार्नेटमध्येही ते आढळले.

बाह्य दाबाने पोकळ्या कमी होतात. मात्र लिथियम मऊ असल्याने अतिदाबाखाली ते विच्छेद्याच्या छिद्रांत शिरते. २०२० मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सल्फाइड घट ७५ मेगापास्कल दाबाखाली चार्जिंग सुरू होण्यापूर्वीच निकामी झाला, तर ५ मेगापास्कल दाबाखाली तो १,००० तासांहून अधिक टिकला. दाब टिकवणाऱ्या चौकटीचे वजन व आकारमानही बॅटरीत धरावे लागत असल्याने वाहनांसाठी कमी दाबावर चालणारी रचना इष्ट ठरते.

ॲनोडविषयक पर्यायी रचना

ॲनोडरहित रचनेत सुरुवातीला लिथियमचा थर नसतो. पहिल्या चार्जिंगच्या वेळी कॅथोडमधील लिथियम धातूच्या पातळ पत्र्यावर साठते. २०२० मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी या पत्र्यावर चांदी व कार्बन यांचा पातळ थर देऊन लिथियम एकसारखे साठेल अशी रचना मांडली. ०.६ अँपिअर-तास धारितेच्या त्या नमुना घटाची ऊर्जा घनता लिटरमागे ९०० वॅट-तासांहून अधिक होती आणि तो सुमारे १,००० आवर्तने चालला. ही चाचणी ६० अंश सेल्सिअस तापमानाला घेण्यात आली होती. लिथियम धातूऐवजी सिलिकॉनचा ॲनोड वापरण्याचा मार्गही अभ्यासला जात आहे.

घटांची मांडणी

ठिसूळ ऑक्साइड थर गुंडाळता येत नाहीत, म्हणून असे घट सपाट थर एकावर एक ठेवून बनवतात. घन विच्छेद्य वाहत नसल्याने द्विध्रुवी मांडणीही सुलभ होते. तीत एकाच पत्र्याच्या एका बाजूस एका घटाचा कॅथोड व दुसऱ्या बाजूस शेजारच्या घटाचा ॲनोड असतो. त्यामुळे एकाच आवरणात घट एकसरीत जोडले जाऊन बाहेरील जोडण्या व वजन कमी होते. मात्र मालिकेतील एक घट बिघडल्यास संपूर्ण मालिकेवर परिणाम होतो.

कामगिरीचे मूल्यमापन

दोन घनावस्था घटांची तुलना करताना केवळ आवर्तनांची संख्या पुरेशी नसते. चाचणीचे तापमान, बाह्य दाब, प्रति चौरस सेंटिमीटर धारिता, विच्छेद्य थराची जाडी आणि लिथियमचा अतिरिक्त साठा या बाबीही पाहाव्या लागतात. जाड विच्छेद्य, अल्प धारिता आणि उच्च दाब यांच्या आधारे मिळालेले दीर्घ आयुर्मान वाहनातील बॅटरीला जसेच्या तसे लागू होत नाही. ज्वलनशील द्रव नसल्याने आगीचा धोका कमी होत असला, तरी लिथियम धातू क्रियाशील असल्याने आणि लघुपरिपथाची शक्यता उरत असल्याने ही बॅटरी पूर्णतः निर्धोक मानता येत नाही.