मोत्या कशाने गेला?

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. अंगाने पांढरा. एका कानावर काळा ठिपका. वय अवघे सव्वा वर्ष. दिवसा तो मुलांच्या मागे फिरायचा. रात्री गोठ्याच्या दारात बसायचा. तो दारात आहे म्हणून आम्ही निवांत झोपायचो.

एके दिवशी संध्याकाळी मोत्याने नेहमीसारखी भाकरी खाल्ली. ताक प्याला. मुलांशी खेळला. पहाटे आई धार काढायला गोठ्यात गेली. पाहते तो मोत्या दारात आडवा. आईने हाक मारली. तो उठला नाही. हात लावला, तर अंग गार.

पोरे रडू लागली. मोठी माणसेही गप्प झाली. काल धावत होता, आज नाही. असे कसे झाले?

हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. खेड्यात घरोघरी कुत्रा असतो. कधी तरी असा प्रसंग येतो. तेव्हा काय करावे, काय करू नये, हे आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते. नंतर जे कळले, ते येथे सांगत आहोत.

पहिला संशय

माणूस मेला की आपण कारण शोधतो. जनावराचेही तसेच. कारण सापडले नाही, तर मन एखादे कारण तयार करते.

आमच्या घरी तसेच झाले. आई म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली. करणी केली असेल कुणी." दादा म्हणाला, "करणी कसली? त्या बांधाकडच्यानंच विष घातलं. दुसरं कोण?"

बांधाकडचे काका म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्याशी बांधावरून आमची दोन वर्षे धुसफूस होती. दादाने कोपऱ्यातली काठी उचलली. वहिनी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आधी गुरांच्या डॉक्टरांना आणा. मग काय ते करा."

वहिनी आडवी आली नसती, तर त्या दिवशी एक कुत्रा गेला होता, त्याच्या मागे दोन घरेही गेली असती. डोके फुटले असते. कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या असत्या.

करणीचे म्हणाल, तर करणीने कोणी मरत नाही. उलट, करणी केली असे म्हणून कोणाला छळले, तर तो गुन्हा होतो. महाराष्ट्रात तसा कायदा २०१३ साली झाला आहे. कुत्र्याला विष घालणे हाही गुन्हा आहे. पुरावा असेल तर पोलिसांकडे जावे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

डॉक्टरांनी काय विचारले

डॉक्टर आले. त्यांनी मोत्याला लगेच हात लावला नाही. आधी हातमोजे घातले. मग आम्हाला विचारले, "गेल्या दहा दिवसांत हा कुणाला चावला का? कुणाच्या जखमेला त्याने चाटलं का? वागण्यात काही फरक होता का?"

आम्हाला नवल वाटले. कुत्रा तर मेला. आता चावण्याची चौकशी कशाला?

डॉक्टर म्हणाले, "मेलेल्याची काळजी नंतर. आधी जिवंत माणसांची."

मग आठवले. धाकट्या पुतणीचा गुडघा खरचटला होता. मोत्याने तो दोन दिवसांपूर्वी चाटला होता.

आधी माणसे सांभाळा

पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाला रेबीज म्हणतात. या रोगाचे जंतू कुत्र्याच्या लाळेत असतात. रोग दिसू लागण्याच्या काही दिवस आधीपासूनच ते लाळेत उतरतात. कुत्रा चावला, त्याचे नख लागले, किंवा त्याने उघडी जखम चाटली, तर ते माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. कातडी धड असेल, तर चाटल्याने धोका नसतो.

पिसाळलेला कुत्रा दर वेळी अंगावर धावून येतो असे नाही. काही कुत्री मुकी होतात. अंधारात जाऊन बसतात. जबडा लोंबतो. लाळ गळते. घशात हाड अडकले असे वाटते, म्हणून लोक तोंडात हात घालतात. तसे कधी करू नका. रोग दिसू लागला की असा कुत्रा बहुधा दहा दिवसांच्या आत मरतो.

माणसाला हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर औषध नाही. पण वेळेवर लस घेतली, तर माणूस वाचतो. ही लस पहिल्यांदा फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला दिली. तो मुलगा वाचला. पूर्वी पोटात चौदा सुया घेत असत. आता तसे नाही. आता दंडावर थोड्याच सुया असतात. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात.

म्हणून कुत्रा कशाने मेला हे कळत नसेल, आणि तो कुणाला चावला, ओरबाडला किंवा त्याने जखम चाटली असेल, तर वाट पाहू नका. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, तेल, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील त्या प्रत्येक तारखेला सुई घ्या. मधली एकही चुकवू नका.

आम्ही पुतणीला तसेच मोटरसायकलवर बसवले आणि दवाखाना गाठला. त्याच दिवशी पहिली सुई झाली.

झटक्यात मरण येण्याची कारणे

कुत्रा तरणा होता, धडधाकट होता, तरी गेला. असे का होते? डॉक्टरांनी आम्हाला पुष्कळ कारणे सांगितली.

पहिले कारण साप. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही. खूणही नीट दिसत नाही. तिच्या विषाने अंग लुळे पडते आणि श्वास थांबतो. घोणस चावली तर सूज येते, रक्त वाहते. केसाळ अंगावर दाताची खूण शोधणे कठीण असते.

दुसरे कारण विष. ते दर वेळी कोणी मुद्दाम घातलेले असते असे नाही. उंदरांसाठी पिठात औषध घालून गोळ्या ठेवतात. कुत्रा त्या खातो. औषध खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, तरी कुत्र्याला बाधा होऊ शकते. काही औषधे थोड्या तासांत मारतात. काहींनी तीन-चार दिवसांनी अंगात रक्तस्राव होतो. फवारणीचे औषध सांडलेले असते. त्याच्या डब्यात पावसाचे पाणी साचते, ते कुत्रा पितो. एरंडीची पेंड खत म्हणून घालतात. कुत्रे ती वासाने उकरून खातात. तीही विषारी आहे.

तिसरे कारण रोग. पार्व्हो नावाचा एक रोग १९७८ साली प्रथम ओळखला गेला. तो लहान कुत्र्यांना फार होतो. उलट्या होतात. रक्ताची हगवण लागते. दोन-तीन दिवसांत कुत्रा संपतो. अगदी लहान पिल्लाच्या काळजावरच हा रोग बसला, तर बाहेर काहीच न दिसता पिल्लू मरते.

चौथे कारण ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. उन्हात साखळीने बांधला, जवळ पाणी नसले, तर थोड्या वेळात जीव जातो.

पाचवे कारण जन्मतःच असलेला दोष. काळीज कच्चे असते. त्याचे ठोके एकाएकी चुकतात. बाहेरून कुत्रा धट्टाकट्टा दिसतो. खेळता खेळता किंवा झोपेत जातो. अंगावर कसलीही खूण राहत नाही.

कारण कसे शोधतात

नुसते बघून कारण सांगता येत नाही. तोंडाला फेस आला म्हणजे विषच, असे नाही. अंग निळे दिसले म्हणजे सापच, असेही नाही. शरीर उघडून तपासावे लागते. याला शवविच्छेदन म्हणतात. हे काम गुरांचे डॉक्टरच करतात. आपण करू नये.

तपासणी करायची असेल, तर घाई हवी. उन्हाळ्यात शरीर लवकर नासते. नासल्यावर काही कळत नाही. तोवर शरीर सावलीत ठेवावे. उघड्या हाताने धरू नये. हाताला पिशवी बांधावी. कुत्रा कुठे पडला होता, काय ओकला होता, आदल्या दिवशी काय खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे. ओकारी धुऊन टाकू नये. पण मुलांना आणि कोंबड्यांना तिच्यापासून दूर ठेवावे.

आम्ही तपासणी करायला हो म्हटले. पोटातले आणि मेंदूचे नमुने प्रयोगशाळेकडे गेले. पुढे निकाल आला. विष सापडले नाही. रेबीजही नव्हता. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

"मग तो मेला कशाने?" दादाने विचारले.

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? कळलं नाही. साप असेल, काळीज असेल. खात्रीनं सांगता येत नाही. सगळी तपासणी करूनही कधी कधी कारण सापडत नाही."

हे ऐकायला जड जाते. पण खोटे कारण धरून बसण्यापेक्षा "कळले नाही" हे खरे उत्तर बरे.

पुरताना

त्या दिवशी दुपारी आम्ही मोत्याला पुरले. खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब घेतला. कमरेइतका खोल केला. वर चुना टाकला, माती लोटली, दगड रचले. नाही तर दुसरी कुत्री उकरतात. मेलेले जनावर ओढ्यात किंवा उकिरड्यावर कधी टाकू नये.

आम्ही खणत होतो, तेवढ्यात बांधाकडचे काका आले. खांद्यावर कुदळ होती. कोणी काही बोलले नाही. ते सरळ खणू लागले. खड्डा झाल्यावर म्हणाले, "आमच्या पोराला रोज शाळेपर्यंत सोडायला जायचा हा. आज पोरगं एकटं जाईना."

दादाने मान खाली घातली. सकाळी हातात घेतलेली काठी त्याला आठवली असणार. आम्हालाही आठवली.

मनाचे काय?

"कुत्र्यासाठी काय रडायचं?" असे लोक म्हणतात. पण आपल्या देवांनीही कुत्र्याला जवळ केले आहे. दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही महाभारतातली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मुक्या जनावरासाठी डोळ्यांत पाणी आले, तर त्यात लाज कसली?

आईला वेगळेच दुःख होते. ती म्हणे, "रात्री मी एकदा उठले असते तर!" आम्हालाही टोचणी होती. मोत्याची एक लस झाली होती. पुढची पेरणीच्या घाईत राहून गेली. डॉक्टरांना आम्ही ते सांगितले. ते म्हणाले, "याच्या मरणाचा आणि त्या लशीचा संबंध दिसत नाही. पण पुढच्या कुत्र्याला विसरू नका."

चूक झाली असेल, तर ती पुढे सुधारावी. झाली नसेल, तर स्वतःला उगाच जाळू नये. आपण त्याला खाऊ घातले, माया केली. तेही खरेच आहे.

मुलांशी खोटे बोलू नये. आम्ही आधी पुतणीला सांगितले, "मोत्या झोपला आहे." त्या रात्री ती झोपायलाच तयार होईना. झोपले की उठत नाही, असे तिच्या मनाने घेतले. मग वहिनीने तिला जवळ घेतले. म्हणाली, "बाळा, मोत्या मेला. तो आता परत येणार नाही. तू काही वाईट केलं नाहीस." पोर खूप रडली आणि मग झोपली. दुसऱ्या दिवशी तिने त्या दगडांवर झेंडूची दोन फुले ठेवली.

दुसरा कुत्रा आणताना

मुले लगेच दुसरे पिल्लू मागतात. थोडे थांबावे. पहिला पार्व्होने गेला असेल, तर त्याचे जंतू मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. लस पुरी न झालेले पिल्लू तिथे आणले, तर तेही जाते.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस द्यावी. पुढे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. पुढे डॉक्टर सांगतील तशी देत राहावी. तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या. आता आपल्याला लिहिता-वाचता येते. ते अशा कामी यावे.

आमच्या घरी सात महिन्यांनी नवे पिल्लू आले. ते बांधाकडच्या काकांनी आणून दिले. उंदराच्या गोळ्या आता आम्ही उघड्यावर ठेवत नाही. औषधाचे डबे कुलपात असतात. दिनदर्शिकेवर पुतणी स्वतःच्या हाताने लिहिते, "आज लस."

ध्यानात ठेवा

१. कुत्रा एकाएकी मेला तर आधी विचारा, तो कुणाला चावला का? कुणाची जखम चाटली का?

२. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

३. मेलेल्या कुत्र्याला उघड्या हाताने धरू नका. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

४. पुराव्यावाचून कुणावर आळ घेऊ नका.

५. विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.

६. मुलांना खरे सांगा. आपले दुःखही लपवू नका.