आधी बटेला विचारा

वात्स्यायनाच्या कामसूत्रात, अगदी शेवटच्या सातव्या अधिकरणात, केस पांढरे करण्याची एक कृती आहे. काळे करण्याची नव्हे, पांढरे करण्याची. निवडुंगाचा चीक, रुईचा चीक आणि बावचीची फळं यांच्या भावना आवळ्यांना द्यायच्या, म्हणजे त्यांत आवळे पुन्हा पुन्हा भिजवून सुकवायचे, आणि त्यांचा लेप केसांना लावायचा. लगेच पुढे उलटी वाट दाखवली आहे. मदयंतिका, म्हणजे बहुतेक आपली मेंदी, कुडा, गोकर्ण अशा वनस्पतींच्या मुळांनी केस धुतले की गेलेला रंग परत येतो, आणि त्याच मुळांनी सिद्ध केलेलं तेल चोळत राहिलं की केस हळूहळू काळे होतात, असं तो सांगतो. हाच ग्रंथ वत्सगुल्माचं, म्हणजे आमच्या वाशीमचं, नावही घेतो. संदर्भ वेगळा आहे, राजघराण्यातल्या अंतःपुराच्या चालीरीतींचा. पण नाव आहे.

मी वाशीममध्ये रसायनशास्त्र शिकवत आले. त्यामुळे या दोन गोष्टी एकाच पोथीत भेटल्या तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती. तिचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी होता, त्यानं प्राकृतात ‘हरिविजय’ लिहिलं. याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही वत्सगुल्मातच. अजिंठ्याला गेलात तर चित्रांतल्या स्त्रियांचे केस जरा थांबून पाहा. कपाळावर उतरलेल्या कुरळ्या बटा, केसांत ओवलेल्या मोत्यांच्या सरी, आणि एकीचा अंबाडा दुसरीसारखा नाही. केसांकडे एवढ्या बारकाईनं पाहणाऱ्या काळात केसांचा रंग घालवायचा कसा आणि आणायचा कसा, हे दोन्ही प्रश्न कुणाला तरी पडले असणारच.

ती कृती मात्र करून पाहू नका. रुई आमच्याकडे धुऱ्याधुऱ्यावर आहे आणि तिचा चीक डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकतं. बावचीत सोरालेन असतं. ते लागलेली कातडी उन्हात गेली की भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात.

दिवाळी आटोपून तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई येते आणि माझ्याकडे विचारणा सुरू होते. शेजारची मुलगी, जुने विद्यार्थी, त्यांच्या आया. प्रश्न एकच: जुना डाय घरच्या घरी ब्लीच करून उतरवता येईल का, केस खराब न होता? उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण डाय हा केसांवर बसलेला थर नाही. तो केसाच्या आत तयार झालेला असतो.

डायच्या पाकिटातलं पॅराफेनिलिनडायअमाइन, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, त्याचा रेणू इवलासा असतो आणि त्याला स्वतःचा गडद रंग नसतो. अमोनियासारख्या अल्कलीनं केसाची खवलं उघडतात, तो आत शिरतो, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि रेसॉर्सिनॉलसारख्या दुसऱ्या रेणूंशी जुळून तो मोठा, काळा रेणू होतो. आत आला त्या फटीतून आता तो बाहेर मावत नाही. म्हणून शाम्पूनं डाय धुऊन जात नाही, आणि भांड्याचा साबण, खाण्याचा सोडा, लिंबू यांनी केसाची खवलं तेवढी खरवडली जातात, आतला काळा रंग बराचसा जागेवरच राहतो.

इतिहास थोडक्यात सांगून मोकळी होते. हायड्रोजन पेरॉक्साइड १८१८ साली थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं शोधलं. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात या पेरॉक्साइडनं केस उजळवून दाखवले गेले. १९०७ साली यूजेन श्यूलर यानं कृत्रिम केशरंग विकायला काढला आणि त्यातून पुढे लॉरिआल कंपनी उभी राहिली.

आता मुद्द्याचं. डायखाली काय आहे, काळे केस की पांढरे? हे आधी ठरवा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई किंवा गृहस्थ म्हणतात, पुरे झालं आता, पांढरे ते पांढरे राहू देत. त्यांच्या केसात मेलॅनिन, म्हणजे केसाचं मूळ रंगद्रव्य, उरलेलंच नसतं, काळा आहे तो फक्त डाय. अशा केसाला ब्लीच लावणं म्हणजे विनाकारण मार देणं. त्यांच्यासाठी कलर रिमूव्हर म्हणून जो प्रकार मिळतो तो बरा. त्यात सोडियम हायड्रोसल्फाइटसारखी क्षपणक द्रव्यं असतात. ती त्या मोठ्या रेणूचा रंग मोडतात, तुकडे पुन्हा लहान करतात आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. गंधकाचा वास येतो, तो सोसावा लागतो. खरी मेख धुण्यात आहे. पाकिटावर सांगितलं असेल तेवढा वेळ, कंटाळा न करता, वाहत्या पाण्याखाली केस धुवायचे. तुकडे आत राहिले तर हवेतल्या ऑक्सिजननं ते पुन्हा जुळतात आणि दोन दिवसांत केस परत काळपट दिसू लागतात. मग लोक म्हणतात, औषध नकली निघालं. औषध चांगलं होतं, धुणं अपुरं पडलं. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवण्याचा घरगुती उपायही याच जातीचा, पण फार सौम्य. रंग ताजा असेल तर छटाभर उतरतो.

तरुण मुलींचं वेगळं. त्यांच्या काळ्या केसावर काळा किंवा बरगंडी डाय असतो आणि त्यांना त्याहून फिकट रंग हवा असतो. तिथे रिमूव्हर मेलॅनिनला हात लावत नाही, ब्लीचच लागतं. ब्लीच म्हणजे पेरॉक्साइड आणि पर्सल्फेटची पूड. ते डायही तोडतं आणि मेलॅनिनही, आणि त्याच झपाट्यात केसाला बळ देणारे गंधकाचे दुवेही तोडतं. काळे केस एका बैठकीत सोनेरी होत नाहीत. आधी तपकिरी, मग तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे, असेच उतरतात, कारण तांबूस छटेचं फिओमेलॅनिन सगळ्यात चिवट असतं. नारिंगीवर आलं की घाबरून पुन्हा ब्लीच चोपडणाऱ्यांचे केस तुटतात. नारिंगी हा वाटेतला मुक्काम आहे, तिथे थांबून नारिंगी झाक दाबणारा टोनर लावता येतो.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मला यातलं सगळ्यात आवडतं तेच आहे: काळी मेंदी.

आमच्या भागातल्या बायकांच्या केसांत नुसता एक डाय क्वचितच सापडतो. दोन वर्षं मेंदी, मध्ये भाचीच्या लग्नाला पाकिटातली काळी मेंदी, मग डाय, मग पुन्हा घरची मेंदी. शुद्ध मेंदीतलं लॉसोन केसाच्या केराटिनशी थेट जोडलं जातं, ते रिमूव्हरनं निघत नाही आणि ब्लीचनंही नारिंगी मागे ठेवतंच. नीळ-मेंदी लावलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक उतरते. पाकिटावर मेंदी लिहिलेलं असलं तरी काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी असतं. बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा. आणि घरची मेंदी? ती लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात, चहाचं पाणी, आवळा पूड, कात घालून. चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड मिळून काळा रंग धरतात. जुन्या शाईचं रसायन हेच होतं. कल्पना सुंदर आहे आणि मी तिचं नेहमी कौतुक करते. पण ते लोखंड केसावर बसून राहतं, आणि लोखंड किंवा तांब्याचे अंश पेरॉक्साइडला भिडले की त्याचं विघटन एकदम भडकतं. मिश्रण गरम होतं, फसफसतं आणि केस जागीच जळतात. शिसं किंवा इतर धातूंचे क्षार असलेले, रोज थोडं थोडं लावून काळं करणारे रंगही याच धोक्याचे.

म्हणून बटेची परीक्षा. पाटणी चौकाच्या बाजूला एक सलूनवाले आहेत, वडिलांपासूनची गादी. त्यांच्याकडे मी ती पहिल्यांदा नीट होताना पाहिली. गिऱ्हाइकाच्या मानेमागून, आतल्या बाजूची, बांगडीच्या जाडीची बट त्यांनी दोऱ्यानं बांधून कापली. “मॅडम, माणूस इसरते काय काय लावलं ते. बट नाही इसरत,” असं म्हणत त्यांनी प्लास्टिकच्या वाटीत ब्लीचची पूड आणि डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं क्रीम, कालवलं, बट त्यात बुडवली आणि वाटीला बाहेरून तळहात लावून बसले. झाकण नाही ठेवलं, वायू कोंडला तर डबा फुटतो. वाटी गरम होते का, बुडबुडे वाढतात का, बट हिरवी पडते का, हे तिघं मिळून पाहत होतो. त्या बटेनं निमूटपणे तांबूस रंग धरला. मग त्यांनी ती धुतली आणि ओली असतानाच दोन बोटांत धरून हळूच ताणली. चांगला ओला केस थोडा ताणला जातो आणि सोडला की मागे येतो. चघळलेल्या गोंदासारखा लांबतच गेला किंवा तुटला, तर त्या डोक्याला ब्लीच नाही. त्यांचा तो हात मी घरी कितीतरी बटांवर गिरवला, आणि आता मला विचारायला आलेल्या प्रत्येकीला आधी बट कापायला लावते. वाटी गरम झाली, फेस आला, तर तिथेच थांबायचं. असे केस कापून वाढवण्याखेरीज घरी सुरक्षित उपाय नाही.

बट पास झाली तर पुढचं काम फार अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. आधी त्वचेची चाचणी: कानामागे थोडंसं लावून ४८ तास थांबायचं. पीपीडी असलेल्या डायवर अशी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं आपल्या कायद्यानं सक्तीचं केलेलं आहे. पर्सल्फेटनंही काहींना गांध्या उठतात, दमा उसळतो. डोक्याला जखम, खाज, फोड असेल तर नाही म्हणजे नाही.

डेव्हलपर २० व्हॉल्यूमच्या वर घरी वापरू नये. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, १० म्हणजे ३ टक्के. ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, ते घरातल्या हातांचं काम नाही. मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळणारं पेरॉक्साइड पातळ असतं, ओघळून डोळ्यात जातं. क्रीम डेव्हलपर बटेला धरून राहतं. आणि कपड्यांचं ब्लीच किंवा विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर चुकूनही नको. त्यातलं हायपोक्लोराइट केसाचं केराटिनच विरघळवतं.

स्टीलची वाटी, स्टीलचा चमचा बाजूला ठेवा. प्लास्टिक किंवा काच. हातमोजे, जुना गाऊन, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन. केस एक-दोन दिवस न धुतलेले असावेत, टाळूचं तेल तेवढंच संरक्षण देतं. आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावा. हा आजीचा सल्ला म्हणून नाही सांगत. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना केली, त्यात ब्लीच केलेले केसही होते. केसातलं प्रथिन वाया जाणं ठळकपणे कमी केलं ते एकट्या खोबरेलनं, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा सरळ, छोटा रेणू केसाच्या आत जातो. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत झालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

लावताना पातळ पातळ बटा काढून मधून टोकाकडे लावत जायचं आणि मुळाजवळचं बोटभर अंतर शेवटी घ्यायचं. टाळूच्या उबेनं तिथे ब्लीच झपाट्यानं चालतं, आधी लावलं तर मुळं पिवळी आणि टोकं काळी असे पट्टे पडतात. टोकांवर डायचे थरावर थर असतात, त्यांना वेळ जास्त लागतो. दर पाच-दहा मिनिटांनी एक बट पुसून पाहा. मिश्रण सुकलं की त्याचं काम थांबतं, म्हणून पंख्याखाली बसू नका, आणि गच्चीवर उन्हात तर मुळीच नको. वाशीमच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा उद्योग काढूच नये, मिश्रण तापतंही आणि सुकतंही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या पुढे एक मिनिट नाही, रंग हवा तसा आला नसला तरी. कोमट पाण्यानं धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं गाळलेल्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं. मग भरपूर कंडिशनर. ब्लीच अल्कधर्मी असतं आणि कंडिशनर आम्लधर्मी, त्यानं खवलं पुन्हा मिटायला मदत होते. पुढची बैठक किमान दोन आठवड्यांनी, आणि तिच्याआधी पुन्हा बट ताणून पाहायची.

पांढऱ्या केसांवर पिवळट झाक राहिली तर जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा पुरतो. धुतल्या धोतराला नीळ द्यायची तोच हिशेब, जांभळा पिवळ्याला मारतो.

आणि ज्यांची बट नापास झाली त्यांच्यासाठी. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. खांद्यापर्यंतच्या केसांना सगळा डाय कापून टाकायला दोन-अडीच वर्षं लागतील, मानेपर्यंत कापायची तयारी असेल तर वर्ष-दीड वर्ष. तोवर मुळाशी पांढरी आणि खाली काळी अशी रेघ दिसत राहते, ती बोचते हे मला ठाऊक आहे. तेव्हा पार्लरमध्ये सांगून काळ्या भागात मधे मधे, परीक्षेत टिकतील अशा मोजक्याच बटा हलक्या करून घ्याव्यात, म्हणजे ती रेघ फुटते आणि सगळं डोकं ब्लीचखाली जात नाही. त्या मोजक्या बटांचीही परीक्षा आधी करून घ्या, पार्लरवालीला घाई असली तरी.