अठ्ठावन्न सह्यांचे पत्र

कॅथॉलिक धर्मगुरूला दीक्षा मिळते त्या दिवशी तो बिशपसमोर गुडघे टेकतो, आपले जोडलेले हात बिशपच्या हातांत देतो आणि त्यांच्या व त्यांच्या वारसदारांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. पुढे नेमणूक, बदली सारे बिशपच्या हाती. पण रविवारी समोर बसलेली माणसे धर्मग्रामातली असतात (‘पॅरिश’साठी वसईकडचा हा शब्द मला आवडतो). त्यांच्या घरचे बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी त्यानेच केलेले असतात. या दोहोंत वितुष्ट आले तर त्याने बोलायचे कसे?

अमेरिकेतील बॉस्टनमध्ये २००२ साली हा पेच उघड्यावर आला. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी असूनही जॉन गेगन या धर्मगुरूला एका धर्मग्रामातून दुसऱ्यात पाठविले जात होते, हे ‘बॉस्टन ग्लोब’ने ६ जानेवारीपासून कागदपत्रांनिशी मांडले. तेथील आर्चबिशप होते कार्डिनल बर्नार्ड लॉ. निर्दोष धर्मगुरूंपुढेही प्रश्न उभा राहिला : प्रवचनात काय सांगावे? गप्प राहावे तर ते पांघरूण घालणे ठरते. बोलावे तर वरिष्ठांचा अधिक्षेप होतो. पापनिवेदनातील गुप्ततेशी या मौनाची गल्लत करू नये. ती गुप्तता धर्मनियमानेच अभंग आहे. हे मौन मात्र शिस्तीचे, आणि बरेचसे भीतीचेही.

भाविकांना अशी अडचण नव्हती. वेलस्ली येथे त्यांनी ‘व्हॉइस ऑफ द फेथफुल’ ही संघटना उभारली. अनेकांनी देणग्या रोखल्या. धर्मगुरूंना हा मार्ग खुला नव्हता. आधार होता तो १९८३ च्या धर्मसंहितेतच. तिचा २७३ वा नियम धर्मगुरूंना आज्ञापालन सांगतो. २१२ वा मात्र चर्चच्या हितासाठी आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळविणे हा श्रद्धावंतांचा हक्क, प्रसंगी कर्तव्यही मानतो. ‘श्रद्धावंतां’त धर्मगुरूही येतातच.

डिसेंबरच्या आरंभी आणखी कागदपत्रे बाहेर आली आणि ९ तारखेला ५८ धर्मगुरूंनी लॉ यांनाच उद्देशून राजीनाम्याची मागणी करणारे पत्र लिहिले. शेकडो धर्मगुरूंच्या धर्मप्रांतात हा आकडा लहान होता. पण एकट्याच्या प्रवचनाला नसते ते बळ या सह्यांना होते. एकट्याची बदली करता येते, अठ्ठावन्न जणांची करणे अवघड. १३ डिसेंबरला पोप जॉन पॉल दुसरे यांनी लॉ यांचा राजीनामा स्वीकारला. अर्थात त्यामागे वर्षभराचे खटले, बातम्या आणि भाविकांचा संताप होता. केवळ पत्राला हे श्रेय देता येणार नाही.

लॉ यांना २००४ साली रोममधील सांता मारिया मॅजोरे या बॅसिलिकाची जबाबदारी मिळाली. सह्या करणाऱ्यांना मात्र नव्या आर्चबिशपच्या हाताखालीच राहायचे होते. वचन वारसदारांनाही दिलेले असते.