कृत्रिम माशी, मासेमारीची

गोड्या पाण्यातील मासे गळाने पकडण्यासाठी पिसे, केस, लोकर, रेशीम, धातूची तार इ. पदार्थ गळाच्या दांड्यावर दोऱ्याने बांधून तयार केलेले आमिष. गांडूळ किंवा कणीक यांप्रमाणे ते खाण्याजोगे नसते. माशाची दृष्टी फसवून त्याला गळ तोंडात घ्यावयास लावणे एवढेच त्याचे कार्य होय. ‘माशी’ ही संज्ञा येथे सैल अर्थाने वापरतात. मे-माशी, कॅडिस माशी, मुंगी, नाकतोडा, इतकेच नव्हे तर लहान मासा यांपैकी कशाचीही प्रतिकृती माशीच म्हणून ओळखली जाते. ट्राउट, ग्रेलिंग व सॅमन हे या मासेमारीतील प्रमुख मासे असून भारतात महसीरसाठीही तिचा उपयोग करतात.

इतर प्रकारच्या गळाच्या मासेमारीत आमिषाच्या किंवा त्याला जोडलेल्या शिशाच्या वजनामुळे दोर दूर जातो. कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे येथे दोरच जड ठेवावा लागतो आणि लवचिक काठीच्या मागे-पुढे दिलेल्या झोकाने तो हवेत उलगडत जाऊन माशीला आपल्याबरोबर नेतो. दोराच्या टोकाशी नायलॉनची निमुळती, पारदर्शक अग्रदोरी असते. दोर प्रवाहात ताणला गेला, तर माशी पाण्याच्या गतीहून वेगळ्या गतीने ओढली जाते आणि सावध ट्राउट तिच्याकडे पाठ फिरवतो. म्हणून अनुभवी शिकारी फेकीच्या अखेरीस दोरात मुद्दाम थोडा ढिलेपणा ठेवतात.

रोमन लेखक ईलियन यांनी इ. स. २०० च्या सुमारास मॅसिडोनियातील अस्ट्रीअस नदीवरील कोळ्यांचे वर्णन केले आहे. तेथील ठिपकेदार मासे एक विशिष्ट कीटक खात. परंतु हाताचा स्पर्श होताच त्या कीटकाचा रंग व पंख बिघडत असल्याने तो गळाला लावणे शक्य नव्हते. म्हणून ते लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची दोन पिसे बसवीत. कृत्रिम माशीची गरज का पडली, याचे याहून नेमके स्पष्टीकरण पुढील ग्रंथांतही क्वचितच आढळते. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या, ज्यूलिआना बर्नर्स यांच्या नावावर मोडणाऱ्या (पण त्यांचे कर्तृत्व सिद्ध न झालेल्या) एका प्रबंधात बारा माश्यांची वर्णने आहेत. आयझाक वॉल्टन यांच्या प्रसिद्ध ग्रंथाला (१६५३) चार्ल्स कॉटन यांनी १६७६ साली जोडलेला भाग मुख्यत्वे याच विषयावर आहे. ॲल्फ्रेड रॉनल्ड्स (१८०२–६०) यांनी १८३६ साली नदीवरील खरे कीटक व त्यांच्या प्रतिकृती यांची चित्रे एकत्र देऊन या छंदाला कीटकविज्ञानाची जोड दिली.

प्रतिकृती किती हुबेहूब असावी, हा या कलेतील जुना वाद आहे. दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातील स्वच्छ नद्यांवर फ्रेडरिक हॅल्फर्ड (१८४४–१९१४) यांनी तरंगत्या, म्हणजे ‘कोरड्या’ माशीचा पुरस्कार केला. पृष्ठभागावर कीटक टिपणारा मासा हेरावा आणि त्याच कीटकाची तंतोतंत प्रतिकृती प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकावी, असे त्यांचे मत होते. जी. ई. एम. स्क्यूझ (१८५८–१९४९) यांनी पकडलेल्या ट्राउटच्या जठरातील अन्न तपासून दाखविले, की मासा बव्हंशी पाण्याखालील अर्भकावस्थेतील कीटकच खातो. त्यामुळे बुडती माशी निषिद्ध मानण्याचे कारण नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. हॅल्फर्ड यांच्या अनुयायांना हे शिकारीच्या सभ्यतेविरुद्ध वाटले. लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये १९३८ साली यावर रीतसर वादविवाद झाला. पुरावा स्क्यूझ यांच्या बाजूचा होता, हे आता सर्वमान्य आहे.

प्रकाशविज्ञानही या प्रश्नावर प्रकाश टाकते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्यावरील जग सु. ९७° कोनाच्या शंकूतूनच दिसते, ३० सेंमी. खोलीवरील माशाला पृष्ठभागावर सु. ६८ सेंमी. व्यासाची एक वर्तुळाकार खिडकी मिळते. तिच्याबाहेर पृष्ठभाग खालून आरशासारखा भासतो. दूरून येणाऱ्या कीटकाचे पंख वा रंग माशाला प्रथम दिसत नाहीत. पायांनी पृष्ठभागावर पडलेले खळगे तेवढे चमकतात. म्हणून तरंगत्या माशीत पंखांच्या रंगापेक्षा पिसांच्या टोकांची ठेवण अधिक महत्त्वाची ठरते. अमेरिकेत लेनर्ड हॅलडे यांनी १९२२ साली बांधलेली ‘ॲडम्स’ ही माशी कोणत्याही एका कीटकासारखी नाही. तरीही ती अत्यंत यशस्वी ठरली.

माशी बांधण्यासाठी गळ लहान शेगड्यात पकडून त्याच्या दांड्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे देतात; नंतर शेपूट, धड, पंख व शेवटी मानेचे पीस अशा क्रमाने बांधणी होते. या कामातील बरेचसे ज्ञान एका हौशी कारागिराकडून दुसऱ्याकडे आले आहे. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे नेढ्यापर्यंत साहित्य कोंबणे. मग शेवटच्या गाठीला जागा उरत नाही व अग्रदोरी ओवता येत नाही. तरंगत्या माशीसाठी कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे घेतात व त्यांचा ताठपणा ओठांना टोके लावून पारखतात. बुडत्या माशीला कोंबडीची मऊ, पाणी शोषणारी पिसे योग्य. पिसाच्या तंतूंची लांबी गळाच्या टोक व दांडा यांमधील अंतराच्या दीडपट ते दुप्पट ठेवतात. रेशीम भिजल्यावर गडद होते, म्हणून त्याचा रंग ओला करूनच ठरवावा लागतो. चांगली तरंगती माशी टेबलावर टाकली असता पिसांच्या टोकांवर व शेपटीवर उभी राहते. फ्रँक सॉयर (१९०६–८०) या इंग्लंडमधील नदीरक्षकाने तर दोराही वगळला व केवळ तांब्याची बारीक तार आणि फेझंटच्या शेपटीचे तंतू यांपासून एक अर्भक-माशी बनविली. साधेपणात तिची बरोबरी करणाऱ्या माश्या थोड्याच असतील.

सॅमनच्या माशीचा इतिहास वेगळा आहे. अंडी घालण्यासाठी नदीत शिरलेला सॅमन सहसा अन्न घेत नाही. तेव्हा अमुक एका कीटकाचे अनुकरण करण्याचे बंधन उरत नाही. परिणामी एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये टूकान, कोटिंगा इ. उष्ण कटिबंधीय पक्ष्यांच्या पिसांनी नटविलेल्या माश्यांची चढाओढ लागली. त्यांतील एक बहुमोल पीस सह्याद्रीच्या जंगलातून जात असे : राखी रानकोंबड्याच्या (गॅलस सोनेराटाय) मानेवरील, टोकाशी मेणासारखा चकचकीत ठिपका असलेले पीस. सॅमनच्या अनेक माश्यांत ते डोळ्याच्या जागी बसवितात. भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर १९०२ साली बंदी आली, तर ब्रिटनने १९२१ साली पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. आता या पक्ष्याला भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असून पाश्चात्त्य कारागिरांची गरज मुख्यतः ब्रिटनमध्ये बंदिवासात वाढविलेल्या पक्ष्यांकडून भागते.

माशाला या दुर्मिळ पिसांशी काही कर्तव्य नसते. रंगविलेली कोंबडीची किंवा टर्कीची पिसेही तितकेच काम देतात. तरीही जुन्या कृती मूळ साहित्यातच बांधण्याचा हव्यास काही संग्राहकांत टिकून आहे. जून २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीस गेली, ती माश्या बांधणाऱ्यांना पिसे विकण्याच्या हेतूने. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाया द्वीपसमूहातून आणलेले काही नमुनेही त्यांत होते. अनेक कातडी परत मिळाली. परंतु ज्यांच्या पायांना बांधलेल्या, स्थळ व दिनांक दर्शविणाऱ्या चिठ्ठ्या चोराने काढून टाकल्या होत्या, ती संशोधनाच्या दृष्टीने बहुतांशी निरुपयोगी झाली.