चेंडूने उट्टे काढावे काय?

भारतातील मुलांना जसे क्रिकेट, तसे अमेरिकेतील मुलांना बेसबॉल. दोन्ही खेळांत फलंदाज आहे, आणि त्याच्याकडे चेंडू टाकणारा गडी आहे. बेसबॉलमध्ये त्यास पिचर म्हणतात. मात्र क्रिकेटचा चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो, तर बेसबॉलचा थेट अंगावर येतो. चामड्याने मढविलेला हा टणक चेंडू सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा असतो. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू झाली. तिच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सामन्यात पिचर ४६ फुटांवरून चेंडू फेकतो. ताशी ६० मैल वेगाचा चेंडू हे अंतर अवघ्या अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात फलंदाजाने चेंडू पारखायचा, आणि अंगावर आलाच तर चुकवायचाही.

चेंडू अंगास लागला, तर नियमाप्रमाणे फलंदाजास पहिला बेस फुकट मिळतो. हिशेब तेथेच मिटावयास हवा. परंतु मोठ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक अलिखित दंडक दीर्घकाळ चालत आला आहे. आपल्या गड्यास चेंडू लागला, किंवा प्रतिपक्षाने फार मिरविले, की आपल्या पिचरने त्यांच्या एखाद्या फलंदाजास चेंडू मारावयाचा. परतफेडीची धास्ती असली म्हणजे प्रतिपक्ष जपून वागतो आणि आपल्या गड्यांचे रक्षण होते, असे या दंडकाचे समर्थक म्हणतात. युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण मुलांच्या मैदानावर तो टिकत नाही.

पहिली गोष्ट अशी की, चेंडू मुद्दाम मारला की हातून निसटला, हे बाहेरून ओळखणे कठीण. मुलांचा हात अजून बसलेला नसतो; त्यांच्या खेळात निसटलेले चेंडूच अधिक. दुसरी गोष्ट, मार बहुधा भलत्यालाच बसतो. चेंडू लागला एकाच्या हातून, आणि त्याचे प्रायश्चित्त भोगतो त्याचा सोबती, कारण त्या वेळी फलंदाजीची पाळी त्याची असते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार! तिसरी गोष्ट, थोडासा धडा शिकवावा म्हणून फेकलेला चेंडू नेमका कोठे लागेल, हे फेकणाऱ्याच्या हाती राहत नाही. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क येथे क्लीव्हलँड संघाच्या रे चॅपमनच्या कानशिलावर चेंडू आदळला आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तो चेंडू मुद्दाम मारल्याचे सिद्ध झाले नाही. हेतू नसतानाही प्राण जाऊ शकतो, तर हेतू धरून चेंडू फेकण्याचे समर्थन कोणी आणि कसे करावे?

नियम याविषयी मुके नाहीत. फलंदाजास जाणूनबुजून चेंडू मारणाऱ्या पिचरला पंच मैदानाबाहेर काढू शकतो; लिटल लीगमध्ये असा खेळाडू पुढच्या सामन्यासही मुकतो. परंतु पंचाला चेंडू दिसतो, कानात कुजबुजलेला हुकूम ऐकू येत नाही. ‘आता त्यांच्या एकाला दाखव’ एवढे प्रशिक्षक म्हणाला, की अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे पेच पडतो. ऐकावे तर निरपराध मुलास इजा. न ऐकावे तर वडीलधाऱ्याची अवज्ञा. म्हणून अशा कृत्याची जबाबदारी मुलापेक्षा हुकूम देणाऱ्यावर, आणि कडेला बसून चिथावणी देणाऱ्या पालकांवर अधिक पडते. समंजस प्रशिक्षक अशा वेळी लागलेल्या मुलाची विचारपूस करतो, आपल्या पिचरला शांत करतो, त्याचा हात थकला असेल तर त्यास बदलतो, आणि संशय असेल तर तो पंचाच्या कानी घालतो. उत्तर द्यावयाचे ते धावा करून.

ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सास राज्यातील वेको येथे लिटल लीगच्या विभागीय अंतिम सामन्यात पेअरलँड आणि टल्सा येथील मुलांचे संघ समोरासमोर होते. पेअरलँडच्या पिचरच्या हातून चेंडू सुटला आणि टल्साच्या फलंदाजाच्या शिरस्त्राणावर आदळला. मुलगा खाली कोसळला. काही वेळाने तो सावरला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. इकडे पिचरला रडू आवरेना. ते पाहून मार खाल्लेला मुलगा बेस सोडून त्याच्याजवळ गेला, त्यास मिठी मारली, आणि तू चांगला खेळतो आहेस असा धीर दिला. सामना पुढे पेअरलँडने जिंकला.

सुडाच्या दंडकाप्रमाणे त्यानंतर पेअरलँडच्या कोणा तरी मुलावर चेंडू खाण्याची पाळी आली असती. टल्साच्या मुलाने मात्र आधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि तेथे वैर नाही, भीती आहे, हे त्यास कळले. खिलाडूवृत्तीचा आरंभ अशा पाहण्यापासून होतो. ते पाहण्याइतकी उसंत मुलांना देणे, हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचे काम आहे.