परदेशी इलेक्टिव्ह : तयारी लसीपासून
एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी काही आठवडे परदेशी रुग्णालयात शिकायला जाता येते; याला ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. अमेरिकेतील रुग्णालये गुण आणि कॉलेजच्या पत्राबरोबर लसीकरणाचे पुरावेही मागतात. हिपॅटायटिस-बी लसीच्या ३ डोसांना साधारण ६ महिने लागतात. नंतर रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का, ते पाहतात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्यांचेही पुरावे लागतात. बीसीजी घेतलेल्यांची क्षयाची त्वचाचाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून ‘इग्रा’ रक्तचाचणी चालेल का, हे आधीच विचारावे.

इलेक्टिव्हला पगार नसतो. शुल्क, विमा, व्हिसा, राहणे हा खर्च आपलाच. पदवीसाठी परदेशवारी सक्तीची नाही. तिच्यासाठी घर कर्जात घालू नये. आधी कॉलेजात शिष्यवृत्तीची चौकशी करावी. आणि पालकहो, मुलांची लसीकरण कार्डे जपून ठेवा.