फाटकाच्या आत (भाग ७) : धोट्याचा धागा

मागावर धोटा सारखा इकडून तिकडे धावत असतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी बसवतो आणि धाग्याचं टोक बारीक छिद्रातून बाहेर यावं म्हणून धोट्याला तोंड लावून जोरात श्वास ओढतो. मुंबईच्या गिरण्यांत हे दिवसभर चाले. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागे. एवढ्याशा कारणावरून दलित कामगारांना विणकाम खात्यात पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं.

गिरणीत मात्र त्यांना मज्जाव नव्हता. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. पुढच्या काळात कोकणातून आणि घाटावरून माणसं लोटली, त्यांत महार, मांग, चांभार सगळे होते. जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, त्यांना ठेवून घेई, पण सूतकताईत, रिंग खात्यात. विणकराला कापडाच्या नगावर पैसे मिळत आणि त्याची कमाई कताईवाल्यापेक्षा बरीच जास्त असे. कापसाचे गठ्ठे उचलताना किंवा रिंगवर शेजारी उभं राहताना कुणी बाटत नसे. विटाळ लागायचा तो नेमका जास्त पगाराच्या खात्यात! त्यातही विदर्भातला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत आला होता. म्हणजे विणता येत नाही, ही सबब पुढे करायलाही जागा नव्हती.

धोटा तोंडाने ओढण्याला पर्याय नव्हता असंही नाही. आपोआप धागा ओवून घेणारा नॉर्थ्रॉप माग अमेरिकेत १८९०च्या दशकातच बाजारात आला होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. कारण आरोग्याचं होतं, एकाच्या तोंडचा रोग दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून. मुंबईत मात्र धोटा तसाच राहिला आणि बाहेर राहिली ती माणसं.

त्याच अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि त्याच वर्षी विल्यम पेरी हा कृष्णवर्णीय कामगार कारखान्यात घेतला. पेरी फोर्डचा जुना ओळखीचा, तरुणपणी दोघांनी मिळून करवतीने लाकडं कापलेली. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत फोर्डकडे सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय कामगार होते. डेट्रॉइटचा दुसरा कुठलाच मोटार मालक या आकड्याच्या जवळपासही नव्हता. चर्चच्या पाद्र्याने चिठ्ठी दिली की काम मिळण्याची शक्यता वाढे. काही जण कुशल कारागीरही झाले, हे फोर्डच्या बाजूने सांगायलाच हवं. पण रिव्हर रूजच्या अवाढव्य कारखान्यात बहुतेकांच्या वाट्याला आली ती फाउंड्री, म्हणजे वितळलेलं लोखंड, धूर आणि उष्मा. शिवाय चिठ्ठीवर लागलेला माणूस युनियनपासून चार हात लांबच राहणार, हा मालकाचा हिशेबही त्यात होता.

मुंबईत युनियनची कसोटी लागली १९२८ साली. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने गिरण्या बंद होत्या, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की, अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर मी त्यांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ते कबूल केलं. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! कावेबाज उत्तर, पण पूर्ण खोटंही नव्हे. विणकाम खात्याची राखण सवर्ण कामगारच करत होते, आणि सारा कामगार एक अशी घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना तिथे हात घालायचं धाडस होत नव्हतं.

डेट्रॉइटलाही हेच घडलं, फक्त पंधरा वर्षांनी. जून १९४३ मध्ये पॅकार्ड कंपनीत तीन कृष्णवर्णीय कामगारांना विमानाच्या इंजिन जोडणीवर बढती मिळाली, तर सुमारे पंचवीस हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. महायुद्ध ऐन भरात होतं. तिथे युनियनच्या वरिष्ठ नेत्यांनी आणि सरकारने या संपाला थारा दिला नाही, संपवाले कामावर परतले आणि बढती कायम राहिली. मुंबईच्या पुढाऱ्यांच्या पदरात असा एक प्रसंग असता तर आंबेडकर आणि कामगार चळवळ यांच्यातला दुरावा इतका वाढला नसता.

गिरणीचं हे दुखणं आपल्याकडच्या रेल्वेलाही होतं. देवगाव रंगारीकर लासूरला गाडीत बसले की रोटेगाव, नगरसूल करत मनमाडला पोहोचतात. निजामाची रेल्वे तिथे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला मिळत असे. त्याच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं विधान तिथलंच. ते पुष्कळांना ठाऊक असतं, पण त्याच भाषणातला नोकऱ्यांचा हिशेब फारसा कुणी सांगत नाही. दलित माणूस रेल्वेत लागला की गँगमन, आणि निवृत्त होईपर्यंत गँगमनच. पोर्टर का नाही? कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो आणि दलिताचा हात त्याला घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये गेला तरी मेकॅनिक किंवा फोरमन होणं जवळजवळ अशक्य, तिथेही हमालीच. परिषदेला जमलेल्यांना हे नवं नव्हतं, ते रोज रुळांवर तेच भोगत होते.

पुढच्या भागात वाळूज. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आपल्या भागातली पोरं पहिल्यांदा फाटकाच्या आत गेली, तिथपासून पुढे. तोवर एक विनंती. तुमच्या घरात किंवा गल्लीत जुने गिरणी कामगार, गँगमन किंवा वर्कशॉपमधले हमाल असतील, तर ते कोणत्या खात्यात होते आणि दुसऱ्या खात्यात का गेले नाहीत, हे त्यांना विचारून लिहून ठेवा. ते या लेखमालेकडे जरूर पाठवा.